परीक्षानळी ते काहील : शाळकरी मुलांना केमिकल इंजिनिअरिंगची ओळख

दहावी-बारावीच्या निकालानंतर घरोघरी पसंतीक्रमाची जी यादी तयार होते, तिच्यात केमिकल इंजिनिअरिंग क्वचितच वरच्या ओळीत असतं. कॉम्प्युटर मिळालं नाही, मेकॅनिकल नको, मग केमिकल भरून टाकू, अशा हिशेबानं ते येतं. ज्याला ते आवडीनं हवं असतं, त्यालाही विचारलं तर उत्तर मिळतं, 'केमिस्ट्री चांगली आहे म्हणून.' पहिल्या वर्षाच्या शेवटी त्याच्या लक्षात येतं, की इथे केमिस्ट्रीपेक्षा उष्णता, प्रवाह, दाब आणि हिशेबच जास्त आहे.

ही गोष्ट महाराष्ट्रात घडावी याचं वाईट वाटतं. साखर, दूध, औषधं, रंग, खतं, मीठ, मद्यार्क या साऱ्यांचे मोठे कारखाने आपल्या अवतीभवती आहेत. तारापूर, अंबरनाथ, डोंबिवली, रसायनी, पाताळगंगा, महाड, लोटे, कुरकुंभ ही नावं मुलं रोज एसटीच्या पाट्यांवर वाचतात. खिडकीतून दिसणाऱ्या त्या उंच मनोऱ्यात नेमकं काय चालतं, हे त्यांना शाळेत कोणी सांगितलेलं नसतं. कारखाना म्हणजे वास, फेसाळलेला नाला आणि अधूनमधून येणारी अपघाताची बातमी, एवढीच त्यांची ओळख.

ही ओळख हातानं करायच्या कृतींतून करून द्यावी, असे प्रयत्न जगात आणि आपल्याकडेही झाले आहेत. त्यांतून काय हाती लागलं, कुठे अडलं आणि आपल्या शाळांत काय जमण्यासारखं आहे, हे इथे पाहायचं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. या विषयाच्या नावाखाली होणाऱ्या बहुतेक कृती रसायनशास्त्राच्या असतात. सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी, रंग बदलणारं जास्वंदीचं पाणी, हत्तीच्या टूथपेस्टचा फेस या कृती छान आहेत, मुलं त्यांत रमतात. पण किती घ्यायचं, किती वेगानं, उरलेल्याचं काय करायचं, खर्च किती आणि धोका कुठे, हे प्रश्न जोवर कृतीत येत नाहीत तोवर इंजिनिअर काय करतो ते मुलांना कळत नाही.

या विद्याशाखेचा जन्मच त्या प्रश्नांतून झाला. जॉर्ज डेव्हिस हा इंग्लंडमध्ये सोड्याच्या कारखान्यांतून होणाऱ्या प्रदूषणावर देखरेख करणारा निरीक्षक होता. कारखान्यामागून कारखाने पाहताना त्याला जाणवलं, की माल वेगवेगळा असला तरी कामं तीच आहेत. १८८७ मध्ये मँचेस्टरला त्यानं यावर व्याख्यानं दिली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत एमआयटीनं या विषयाचा अभ्यासक्रम सुरू केला, आणि १९१५ मध्ये आर्थर लिटल यांनी त्या समान कामांची कल्पना नेमक्या शब्दांत मांडली. दळणं, मिसळणं, गाळणं, आटवणं, ऊर्ध्वपातन करणं, वाळवणं, स्फटिक पाडणं ही ती कामं. औषधाचा कारखाना असो की साखरेचा, याच पायऱ्या निरनिराळ्या क्रमानं येतात. भारतात हिरालाल रॉय यांनी १९२१ मध्ये कलकत्त्याजवळ जादवपूरला हे शिक्षण सुरू केलं. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १९३३ चा; माटुंग्याची आजची रसायन तंत्रज्ञान संस्था ती हीच. नागपूरची लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था १९४२ ची.

शिक्षकाच्या दृष्टीनं या यादीत मोठा दिलासा आहे. गाळणं, आटवणं, वाळवणं यांतल्या एकाही कामाला जहाल आम्ल लागत नाही, की महागडं उपकरण लागत नाही. शाळेत गॅस नाही, प्रयोगशाळेच्या नळाला पाणी नाही, म्हणून केमिकल इंजिनिअरिंग अडत नाही.

लहान वयातला एखादा प्रयोग माणसाची दिशा ठरवू शकतो, याचं आपल्याकडचं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण डॉ. रघुनाथ माशेलकरांचं. गोव्यातल्या माशेलला जन्म, मुंबईत गरिबीत बालपण, गिरगावातली युनियन हायस्कूल. तिथल्या भावे सरांनी मुलांना उन्हात नेलं आणि बहिर्गोल भिंगानं किरण एकवटून कागद जाळून दाखवला. माशेलकरांनी ही आठवण जाहीरपणे अनेकदा सांगितली आहे. पुढे ते माटुंग्याच्या त्याच विभागात केमिकल इंजिनिअर झाले, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. तो प्रयोग रसायनाचा नव्हता. पण त्यामागे एक शिक्षक होता, त्यानं प्रयोगाची सांगड मुलांच्या आयुष्याशी घातली होती, आणि ती सांगड मुलाच्या मनात राहिली.

संशोधनाचा सूरही साधारण हाच आहे. रॉबर्ट टाय आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांचा दीर्घकाळचा मागोवा मांडला. आठवीत असताना 'मी विज्ञानाशी संबंधित काम करीन' असं म्हणणाऱ्या मुलांनी पुढे भौतिक विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची पदवी घेण्याची शक्यता इतरांच्या ३.४ पट होती. गणितात मध्यम असलेली पण असं स्वप्न पाहणारी मुलं, गणितात हुशार असूनही स्वप्न नसलेल्या मुलांच्या पुढे गेली. ब्रिटनमध्ये लुईस आर्चर आणि सहकाऱ्यांनी २००९ पासून चालवलेल्या 'अ‍ॅस्पायर्स' या अभ्यासात दहा ते चौदा वर्षांच्या मुलांना विज्ञानाचे तास आवडतात असं दिसलं. तरीही वैज्ञानिक व्हायचं आहे असं म्हणणारी सुमारे १५ टक्केच निघाली. आवड आणि 'हे काम माझ्यासारख्यांचं आहे' ही खात्री, या दोहोंत मोठं अंतर आहे. घरात, शेजारात, नात्यात तसं काम करणारं कोणी असेल तर ते अंतर कमी होतं.

तिसरा अभ्यास शिक्षकांना थोडा टोचेल असा आहे. इयन अब्राहम्स आणि रॉबिन मिलर यांनी इंग्लंडमधले विज्ञानाचे २५ प्रात्यक्षिक तास बारकाईनं पाहिले आणि २००८ मध्ये निष्कर्ष मांडले. मुलांकडून ठरलेली कृती करून घेण्यात शिक्षक बहुतेक वेळा यशस्वी होते. त्या कृतीतून विचार करायला लावण्यात मात्र ते कमी पडले, कारण तासाची सारी तयारी 'काय करायचं' यावर होती, 'काय विचारायचं' यावर जवळजवळ नव्हती. हातांना काम मिळालं म्हणजे डोक्यालाही मिळतंच, असं धरून चालता येत नाही.

म्हणून एक कृती जरा जवळून पाहू. पावसाळ्यात गढूळ पाणी तुरटीनं निवळतं हे प्रत्येक घराला माहीत आहे. निवळीच्या बिया उगाळून पाणी स्वच्छ करायची रीत त्याहून जुनी. शाळेत याचा प्रयोग बहुधा असा होतो : पेल्यात गढूळ पाणी, त्यात तुरटी फिरवा, थोड्या वेळानं पाणी स्वच्छ, वहीत निष्कर्ष लिहा. हाच प्रयोग पाणीपुरवठा केंद्रात रोज होतो, पण तिथे त्याची रीत वेगळी असते. एक लिटर पाण्यात दहा ग्रॅम तुरटी विरघळवून द्रावण करायचं. सारख्या आकाराची सहा भांडी घ्यायची, प्रत्येकात ओढ्याचं एक-एक लिटर गढूळ पाणी. पहिल्यात द्रावणाचा एक मिलिलिटर, दुसऱ्यात दोन, असं सहापर्यंत. प्रत्येक मिलिलिटर म्हणजे लिटरमागे दहा मिलिग्रॅम तुरटी. एक मिनिट जोरात ढवळायचं, मग पंधरा मिनिटं अगदी हळू, आणि अर्धा तास शांत ठेवायचं.

हळू ढवळताना मुलांचे डोळे भांड्याला लागतात. पाण्यात कापसासारखे बारीक पुंजके दिसू लागतात, एकमेकांना चिकटतात, जड होतात, तळाशी बसतात. जोरात ढवळणारा गट पुंजके तोडून टाकतो आणि त्याचं पाणी गढूळच राहतं. मग भांडण सुरू होतं की आमचं का नाही झालं. शिक्षकानं या वेळी उत्तर देऊ नये, भांडण चालू द्यावं. शेवटी भांड्याच्या तळाखाली छापील कागद धरून कुठल्या पाण्यातून अक्षरं वाचता येतात ते पाहायचं. समजा तिसऱ्या भांड्यापासून अक्षरं स्पष्ट दिसायला लागली, आणि चौथ्या, पाचव्या, सहाव्यात फारसा फरक नाही.

इथून पुढचे प्रश्न इंजिनिअरचे. गावच्या टाकीत एक लाख लिटर पाणी असेल तर तुरटी किती लागेल? तिसऱ्या भांड्याच्या हिशेबानं तीन किलो. सहाव्याच्या हिशेबानं सहा किलो. दुप्पट पैसे गेले आणि पाणी तेवढंच स्वच्छ. उद्या मोठा पाऊस पडून पाणी आणखी गढूळ आलं तर आजचा आकडा चालेल का? तळाशी बसलेल्या गाळाचं काय करायचं? तो परत ओढ्यात टाकला तर खालच्या गावाचं काय? टाकीत हळू ढवळायला पंधरा मिनिटं मिळावीत यासाठी ती केवढी असायला हवी? सातवीतली मुलंही यांतल्या बऱ्याच प्रश्नांना भिडतात. पाणी स्वच्छ दिसलं म्हणजे पिण्याजोगं झालं असं नाही, हेही याच वेळी सांगायला हवं. जंतू मारायला क्लोरीन लागतोच. आणि ग्रामपंचायतीत हे काम कोण करतं, त्याला बोलावून आणलं तर मुलांना एक माणूस भेटतो, ज्याचं पोट या ज्ञानावर चालतं.

दुसरी कृती याहूनही सोपी आहे, आणि माझ्या मते शाळेत दाखवता येईल अशी या विषयातली सर्वांत मोलाची गोष्ट तीच. दोन पातेली, एकात शंभर मिलिलिटर गरम पाणी, दुसऱ्यात पाच लिटर, दोन्ही एकाच तापमानाला. दर पाच मिनिटांनी तापमान मोजायचं आणि आलेखावर मांडायचं. छोटं पातेलं भराभर निवतं, मोठं तासभर गरम राहतं. लांबी-रुंदी-उंची दहापट केली तर आकारमान हजारपट होतं, पृष्ठभाग मात्र शंभरपटच. रासायनिक क्रियेत उष्णता निर्माण होते आकारमानात आणि बाहेर पडते पृष्ठभागातून. म्हणून परीक्षानळीत निमूटपणे घडणारी क्रिया मोठ्या टाकीत तशीच घडेल याची खात्री नसते. उष्णता बाहेर काढायची सोय पुरी पडली नाही तर तापमान चढतं, चढलं की क्रियेचा वेग वाढतो, वेग वाढला की आणखी उष्णता. भोपाळला डिसेंबर १९८४ मध्ये रसायनाच्या टाकीत पाणी शिरलं तेव्हा हेच घडलं, आणि टाकी थंड ठेवणारी शीतयंत्रणा त्याआधीच बंद करून ठेवलेली होती.

अपघात मुलांपासून लपवू नयेत, असं मला ठामपणे वाटतं. डोंबिवलीच्या औद्योगिक भागात मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये झालेले स्फोट तिथल्या मुलांनी घरात बसून ऐकले आहेत. खिडक्यांच्या काचा फुटलेल्या पाहिल्या आहेत. त्यांच्यापुढे 'रसायनं आपलं जीवन सुखकर करतात' एवढंच सांगितलं तर ती आपल्यावर विश्वास ठेवणार नाहीत. पातेल्याच्या आलेखावरून भोपाळपर्यंत पोचलेल्या मुलाला मात्र कळतं, की धोका ओळखून तो आवाक्यात ठेवणं हे एक शिकायचं काम आहे आणि त्या कामाला माणसं कमी पडली की काय होतं. नदी स्वच्छ करायची असं ज्या मुलीच्या मनात आहे, तिलाही याच विद्याशाखेत जागा आहे. सांडपाणी प्रक्रियेचं शास्त्र हे केमिकल इंजिनिअरिंगचंच अंग आहे. हे तिला कोणी सांगत नाही, म्हणून ती दुसरीकडे जाते.

कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडच्या शाळांना तर प्रयोगशाळा बांधायचीही गरज नाही. हंगामात गुऱ्हाळावर न्यावं. चरकातून येणारा रस, काहिलीत टाकलेलं भेंडीचं चिकट पाणी, वर येणारी मळी झाऱ्यानं काढणारा माणूस, चुलवाणात पडणारं वाळलेलं चिपाड, पाक झाला की नाही हे थेंब थंड पाण्यात टाकून बोटांनी ओळखणारा गुळव्या. गाळणं, निवळणं, आटवणं, थंड करून घट्ट करणं, सगळं एका मांडवाखाली. एरवीच्या सहलीत मुलं रस पितात, गरम गूळ खातात आणि परत येतात. ते आनंदानं करू द्यावं. फक्त हातात वजनकाटा, तापमापक आणि वही असू द्यावी.

शंभर किलो रसात वीस किलोच्या आसपास विरघळलेले घन पदार्थ असतात, म्हणजे जवळपास ऐंशी किलो पाणी उडवायचं आहे. एक किलो पाण्याची वाफ करायला २,२६० किलोज्यूल लागतात. ऐंशी किलोला सुमारे १ लाख ८० हजार. रस उकळीपर्यंत तापवायचे आणखी तीसेक हजार धरा. वाळलेल्या चिपाडाच्या एका किलोत साधारण १५-१६ हजार किलोज्यूल असतात. हिशेबानं तेरा-चौदा किलो चिपाड पुरायला हवं. प्रत्यक्षात किती जळलं ते वजनकाट्यावर पाहा; आकडा बराच मोठा येतो. मग उरलेली उष्णता गेली कुठे? धुराड्यातून किती, चुलवाणाच्या भिंतींतून किती, ओलसर चिपाड सुकवण्यात किती? आठवी-नववीच्या विद्यार्थ्यानं हा हिशेब एकदा स्वतः केला, की पाठ्यपुस्तकातली 'अप्रकट उष्मा' ही व्याख्या त्याला कधीही पाठ करावी लागत नाही.

त्यानंतर साखर कारखान्यात नेलं तर एक जुना शोध समोर उभा राहतो. गुऱ्हाळात रसातून निघालेली वाफ आकाशात जाते. कारखान्यात तीच वाफ दुसऱ्या भांड्यातला रस उकळते, त्यातली वाफ तिसऱ्याला. पुढच्या प्रत्येक भांड्यात दाब कमी ठेवलेला असल्यानं कमी तापमानालाही उकळी फुटते. ही पद्धत नॉर्बर्ट रिल्यू या इंजिनिअरनं १८४३ मध्ये अमेरिकेत पेटंट केली. न्यू ऑर्लीन्समध्ये कृष्णवर्णीय आईच्या पोटी जन्मलेला आणि पॅरिसला शिकलेला हा माणूस. उघड्या कढयांतून उकळता रस एकीतून दुसरीत ओतण्याचं जे घातकी काम तिथल्या गुलामांच्या वाट्याला यायचं, तेही त्याच्या यंत्रानं मोडीत निघालं. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्यापासून आजच्या प्रत्येक साखर कारखान्यापर्यंत आटवणीचं तत्त्व तेच आहे. कारखान्याचा साखर उतारा हंगामात वर्तमानपत्रात छापून येतो. इतक्या टन उसातून इतकी साखर निघाली तर बाकीचं वजन चिपाड, मळी, मोलॅसिस आणि वाफ यांत कसं वाटलं गेलं, हा ताळेबंद मुलांकडून मांडून घेता येतो. या विद्याशाखेचा पहिला धडा हाच असतो.

कोकणात हेच काम मिठागरं करतात. उरण, पेण, वसईकडच्या आगरांत खाऱ्या पाण्याला एका खाचरातून दुसऱ्यात नेत सूर्य त्याची तीव्रता वाढवतो. दूध संघ असलेल्या तालुक्यांत पाश्चरीकरण आहे : ६३ अंशाला तीस मिनिटं किंवा ७२ अंशाला पंधरा सेकंद. गावात जे आहे तिथून सुरुवात करावी.

आता प्रयत्नांकडे वळू. आपल्या देशातला सर्वांत धाडसी प्रयोग मध्य प्रदेशातला होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम. १९७२ मध्ये सोळा शाळांतून सुरू झालेल्या या कार्यक्रमात सहावी ते आठवीची मुलं प्रयोग करूनच विज्ञान शिकत. पुस्तक उघडं ठेवून परीक्षा होई, प्रात्यक्षिकाची वेगळी परीक्षा असे. पुढे तो हजाराच्या आसपास शाळांत पोचला आणि २००२ मध्ये सरकारनं तो बंद केला. प्रयोगाचं साहित्य स्वस्त असू शकतं आणि सरकारी शाळेतला शिक्षक ते उत्तम चालवू शकतो, हे त्यानं सिद्ध केलं. व्यवसायाची ओळख करून देणं हे मात्र त्याचं उद्दिष्ट नव्हतं.

ते उद्दिष्ट पुणे जिल्ह्यातल्या पाबळनं घेतलं. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञानातले पीएच.डी., हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रात वरिष्ठ पदावर होते. ते सोडून त्यांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे घडलेला 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय आठवी ते दहावीच्या शाळांत राज्य मंडळाच्या मान्यतेनं गेला. आठवड्यातला एक दिवस मुलं हातानं काम करतात : वेल्डिंग, शेती, ऊर्जा, अन्नप्रक्रिया. गावाला लागणारं खरं काम करायचं, त्याचा खर्च काढायचा, गिऱ्हाइकाला पावती द्यायची. गावातला कारागीर हाच बऱ्याचदा शिक्षक. चिक्की करताना गुळाचा पाक आणि उतारा, माती तपासताना सामू, बायोगॅसचं यंत्र बसवताना शेणा-पाण्याचं प्रमाण. केमिकल इंजिनिअरिंग हा शब्द कुठेही न येता त्याचा गाभा तिथे शिकवला जातो. मला विचाराल तर महाराष्ट्रानं या कामाची करावी तेवढी कदर केलेली नाही.

त्यामानानं पैसा आला तो अटल टिंकरिंग लॅबमधून. २०१६ मध्ये सुरू झालेल्या अटल इनोव्हेशन मिशननं निवडलेल्या शाळेला वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान दिलं आणि दहा हजार शाळांत या लॅब उभ्या राहिल्या. २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी पन्नास हजारांची घोषणा झाली. या लॅबमध्ये त्रिमितीय छपाई, रोबो, सेन्सर, इलेक्ट्रॉनिक्स असतं. तयार होणारी यंत्रं चालतात, वळतात, दिवे लावतात. पदार्थाचं रूप बदलणारी कृती तिथे सहसा नसते. मुलांच्या मनात इंजिनिअर म्हणजे तारा आणि कोड हे समीकरण त्यानं आणखी घट्ट होतं. इलाज अवघड नाही. त्याच सेन्सरनं पाण्याचं तापमान मोजून हीटर चालू-बंद करायचा आणि दूध ६३ अंशावर अर्धा तास स्थिर ठेवायचं आव्हान मुलांना द्यायचं. तापमान एकदा ६३ च्या वर उडी मारतं, मग खाली घसरतं, परत वर जातं. ही हेलकावणारी रेघ सरळ करणं हा प्रक्रिया नियंत्रणाचा मूळ प्रश्न आहे, आणि त्यासाठी लागणारं सगळं सामान लॅबच्या कपाटात पडलेलं आहे.

इतर उपक्रम मोलाचे आहेत, पण ते निवडक मुलांपर्यंत पोचतात. मुंबईतल्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा १९८१ पासून सहावी आणि नववीसाठी होते. तिच्यात लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक आणि प्रकल्पही असतो. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानं रसायनशास्त्र ऑलिंपियाडसाठी उत्तम प्रयोग घडवले. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून मराठीतून विज्ञान पोचवते आहे. पुण्याला 'आयुका'च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी कचऱ्यातून खेळणी करायची गोडी हजारो मुलांना लावली. सीएसआयआरच्या प्रयोगशाळा २०१७ पासून 'जिज्ञासा' कार्यक्रमात शाळकरी मुलांसाठी दार उघडतात.

परदेशात नेमकं याच विषयासाठी झालेलं काम आहे. ब्रिटनच्या केमिकल इंजिनिअर्सच्या संस्थेनं २००१ मध्ये शाळांसाठी मोठी मोहीम उघडली : शिक्षकांसाठी साहित्य, वर्गात येणारे तरुण इंजिनिअर. पुढच्या दशकात तिथले प्रवेश खूपच वाढले. तेलाचे चढे भाव आणि पगार यांचाही त्यात वाटा असणार, सगळं श्रेय मोहिमेला देता येत नाही. अमेरिकेतली अशीच संस्था १९९९ पासून महाविद्यालयीन मुलांसाठी एक स्पर्धा घेते. बुटाच्या खोक्याएवढी गाडी रासायनिक क्रियेवर चालवायची, आणि आयत्या वेळी सांगितलेल्या अंतरावर ती थांबवायचीही रासायनिक क्रियेनंच. ब्रेक लावायला मनाई. शर्यत वेगाची नाही, अचूकतेची आहे. ज्वालामुखीत आणि या गाडीत रसायन जवळजवळ सारखंच साधं असू शकतं. गाडीत मात्र किती टाकलं तर किती जाईल हे आधी मोजून ठेवावं लागतं. शाळेसाठी हिचं सौम्य रूप सहज होतं : फुगा ठरलेल्या आकाराचा फुगवायला सोडा आणि लिंबूरस नेमका किती, हे आधी सांगा, मग करून दाखवा.

साहित्याची अडचण खरी आहे, तिच्यावर दक्षिण आफ्रिकेत एक चांगला मार्ग निघाला. विट्स विद्यापीठातल्या रॅडमेस्ट केंद्रानं जॉन ब्रॅडली यांच्या पुढाकारानं सूक्ष्मप्रमाणातल्या प्रयोगांचे छोटे संच केले. चंचुपात्राऐवजी प्लास्टिकच्या पट्टीतले खळगे, मिलिलिटरऐवजी थेंब. युनेस्कोनं ते अनेक देशांत नेले. खर्च घटतो, धोका घटतो, प्रत्येक मुलाच्या हातात स्वतःचा संच येतो. आपल्याकडच्या साठ-सत्तरच्या वर्गाला हे फार सोयीचं आहे. प्रयोग एवढा छोटा असला की प्रमाण बदलाचा धडा मात्र सुटतो, म्हणून एखादी कृती पातेल्यात करायलाच हवी.

व्यवसायाची ओळख म्हणजे फक्त पदवीची ओळख नव्हे, हे आपल्याकडे फार विसरलं जातं. आयटीआयमध्ये 'अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट' हा दोन वर्षांचा ट्रेड आहे, सगळे त्याला एओसीपी म्हणतात. दहावीनंतर तंत्रनिकेतनात केमिकलची पदविका आहे. साखर कारखान्यात लॅब केमिस्ट, मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट, चीफ केमिस्ट अशी चढण आहे, आणि साखरेचा दाणा पाडण्यात हात बसलेला पॅनमन आहे. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, जालन्याला माटुंग्याच्या संस्थेचं केंद्र आहे. ज्या मुलांना तेराव्या वर्षीच घरच्या कमाईचा विचार करावा लागतो, त्यांना यांतला प्रत्येक रस्ता आणि पुढे एका रस्त्यावरून दुसऱ्यावर कसं जाता येतं ते सांगितलं पाहिजे. मुलींना शिफ्टमधल्या कामाबद्दल घरातून नकार येतो. तिथे प्लांटवर काम करणारी शाळेचीच एखादी माजी विद्यार्थिनी येऊन तासभर बोलली तर तिच्या शब्दाला जे वजन येतं, ते कुठल्याही माहितीपत्रकाला येत नाही. 'अ‍ॅस्पायर्स'नं ज्या अंतरावर बोट ठेवलं, ते अशा ओळखीच्या माणसानं कमी होतं.

कारखाना भेटीचं नियोजनही बदलावं लागेल. शंभर मुलांची रांग, कर्णकर्कश आवाजात कोणीतरी काहीतरी सांगतो आहे, शेवटी वडापाव, अशा भेटीतून काही उरत नाही. वीस मुलांचा गट, आत जाण्यापूर्वी वर्गात काढलेला प्रक्रियेचा ठोकळ आराखडा, आणि प्रत्येक गटाला एकच प्रश्न : पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, उष्णता कुठून येते आणि कुठे जाते, बिघाड झाला तर पहिल्यांदा कोणाला कळतं. परतल्यावर मुलांनी तो आराखडा दुरुस्त करायचा. लहान कारखाने विद्यार्थ्यांना आत घ्यायला कचरतात आणि त्यांची भीती समजण्यासारखी आहे. तिथे प्लांटमधल्या माणसालाच शाळेत बोलावणं बरं.

आणखी एक काम जवळपास कोणीच करत नाही, ते म्हणजे मागोवा. कार्यशाळा संपली की मुलांना ती आवडली का, एवढंच विचारलं जातं, आणि ती आवडलेलीच असते. त्याऐवजी कृतीच्या आधी आणि सहा महिन्यांनी एकच प्रश्न लेखी विचारावा : केमिकल इंजिनिअर दिवसभर काय करत असेल, चार ओळींत लिहा. उत्तरांतला फरक शिक्षकाला पुढच्या वर्षी काय बदलायचं ते सांगतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलं आहे. त्यांतले तीन-चार दिवस या कामाला देता येतील, आणि वेळापत्रक हंगामाप्रमाणे लावता येईल. पावसाळ्यात, ओढे गढूळ असताना तुरटीचा प्रयोग. दिवाळीनंतर गाळप सुरू झालं की गुऱ्हाळ, आणि जानेवारीत साखर कारखाना किंवा दूध संघ. राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सर्वांसाठी खुली असते. त्या दिवशी आसपासच्या तालुक्यांतून एसटी करून जाता येतं. नववी-दहावीच्या मुलांसाठी जवळच्या तंत्रनिकेतनातल्या एखाद्या शिक्षकाला निकालाआधीच, एप्रिल-मेमध्ये शाळेत बोलावून पालकांसमोर बसवावं. एकदा पदविकेचे अर्ज भरायची गडबड सुरू झाली की कोणालाच ऐकायला वेळ नसतो.